माणसंही तिच्याबरोबर गेली

परवा कर्जत स्टेशनात बाकावर बसलो होतो, तेव्हा तिथल्या नव्या तारमास्तरानं मला वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली. समुद्राच्या तळाशी तारा टाकणारी विलायतेतली जी मोठी कंपनी आहे, तिची तार पोचली नाही असा मुलूख आता शोधूनही सापडायचा नाही, अशी ती बातमी. एडन, सिंगापूर, चीन, आफ्रिका, सगळीकडे म्हणे तीच. मास्तर नुकताच नोकरीला लागलेला, त्याचा उत्साह उतू चाललेला. त्याला वाटलं, म्हातारा ऐकून तोंडात बोट घालील. मी म्हणालो, "ठाऊक आहे. आमच्या घरातलं एक माणूस तिच्यात होतं." मग तो कोण, कुठं, कधी असं विचारायला लागला, आणि मी छत्री उचलून घरी आलो. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर सांगण्यासारखी ती हकीकत नाही. लिहिलेली बरी. लिहिताना निदान मध्ये कुणी "अरेरे" म्हणत नाही. त्या शब्दाचा मला फार राग आहे.

आमचं गाव दहिवलीच्या पलीकडे. घरची भातशेती. माझी सगळी नोकरी कर्जतच्या मालधक्क्यावर गेली, गवताच्या गासड्या आणि तांदळाची पोती गाडीत चढवून घेण्यात. इंग्रजी जे थोडंबहुत येतं ते तिथंच कानावर पडून आलं. हे आधीच सांगतो, कारण मुख्य गोष्ट घडली तेव्हा मी अजून शेतावरच होतो आणि आमच्या घरातच काय, वाडीतही कुणाला इंग्रजी येत नव्हतं.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणत असे, तो मात्र शेतावर रमला नाही. आमच्या खाचरांच्या बांधावरून पुण्याकडे तारेचे खांब गेले होते. समुद्रातून विलायतेची तार मुंबईला येणार, मग ती पुढं मद्रासपर्यंत न्यायला एक तार पुरायची नाही, म्हणून सरकारनं घाटात नवे खांब रोवायला आणि जादा तारा ओढायला घेतलं. दादा त्या कामाला लागला. सडसडीत, उंच, आणि खांबावर चढला की खाली माणसं बघताहेत याचं त्याला फार कौतुक. वरून तो मुद्दाम ओरडून बोलायचा. वहिनी भाकरी घेऊन गेली की त्याला म्हणायची, "खाली उतरून बोला, मी काय कावळा नाय." लग्नाला दोनेक वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. वहिनीचं माहेर खालापूरकडचं. ती घरात आल्यापासून आमचं घर हसायला शिकलं होतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं.

घाटातलं काम संपत आलं तेव्हा मुंबईहून एक मुकादम आला. बंदरात एक अजस्र आगबोट लागलीय, तिच्या पोटातल्या हौदांमध्ये समुद्रात टाकायची तार वेटोळी करून ठेवलीय, ती एडनपर्यंत टाकत न्यायची आहे, आणि तारेच्या कामाची सवय असलेली माणसं पाहिजेत. दादाचा पाय घरात ठरेना. संध्याकाळी ओटीवर येऊन म्हणाला, "बा, मी कंपनीत लागलो."

आमचा बा कंपनी सरकारच्या राज्यात जन्मलेला. त्याच्या दृष्टीनं कंपनी एकच, आणि ती बंडानंतर खपली होती. राणीचं राज्य आलं तेव्हा दवंडी पिटलेली त्यानं स्वतःच्या कानानं ऐकली होती.

"कंपनी तर मेली ना रं?" तो म्हणाला.

"ती येगळी, बा. ही येगळी. ही तारेची कंपनी."

"म्हंजे सरकार नाय?"

"जमिनीवर सरकार, पान्यात कंपनी."

बाला हे पटेना. त्यानं चंची उघडली, मिटली. "मग तिचा मालक कोन? राजा कोन?"

दादाला मुकादमानं जे सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं, की मालक असा एक नाही, विलायतेतल्या पुष्कळ लोकांनी थोडेथोडे वाटे घेतलेत. बानं विचारलं, "डुकराच्या शिकारीसारके?" आमच्याकडे रानडुक्कर मारलं की घरटी वाटे पडतात. दादा म्हणाला, तसंच. बा म्हणाला, "आन् डुक्कर कोन?" सगळे हसले. वहिनी आतून हसली ते मला ऐकू आलं.

एक गोष्ट इथं नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. मुकादम आपल्या माणसांना "चला, कंपनीवर चला" असं म्हणायचा, म्हणजे आगबोटीवर. दादाही तसंच बोलायला लागला. "परवाच्या दिशी कंपनीवर चढनार." "कंपनीवर जेवन बरं असतं म्हनं." मग वाडीत विचारणं सुरू झालं, की कंपनी केवढी? दादा ती आधी बंदरात पाहून आलेला होता. तो हात पसरून म्हणाला, "माथेरानचा डोंगर आडवा पाडला तर तेवडी. आन् पांडरीफेक." त्या दिवसापासून आमच्या वाडीत कंपनी म्हणजे एक पांढरी आगबोट झाली. तिच्यात माणसं असतात, तिच्या पोटात तार असते आणि ती पाण्यावर असते. बा तर निर्धास्त झाला. बोट समजण्यासारखी गोष्ट होती. पुष्कळ लोकांच्या वाट्यांची, राजा नसलेली, न दिसणारी कंपनी त्याला समजण्यातली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मालधक्क्यावर उभा जन्म काढून मलाही ती पुरती समजलेली नाही.

दादा गेला. वर्षभरानं त्याच्याच टोळीतला एक जण परत आला. त्यानं निरोप आणला, की दादा बरा आहे, एडनला जिथं तार समुद्रातून वर येते तिथल्या कोठीवर त्याला ठेवून घेतलंय, दोन वर्षांनी सुट्टी मिळेल. "म्हंजे अजून कंपनीवरच हाय ना?" बानं विचारलं. "हां, कंपनीवरच," तो म्हणाला. वहिनीनं त्याला दोनदा जेवायला वाढलं आणि एडनला पाऊस पडतो का, तिथं भात पिकतो का, हे विचारून त्याला हैराण केलं.

त्यानंतर काही नाही. दोन वर्षं गेली, वर आणखी काही महिने गेले. वहिनी नदीवरून येताना स्टेशनाच्या बाजूनं लांबची वाट धरायची. घरात कुणी तिला त्याबद्दल बोललं नाही. पण हळूहळू तिचं हसणं कमी झालं, आणि आमच्या घरातली माणसं पुन्हा पहिल्यासारखी गप्प गप्प जेवायला लागली.

तेव्हा आमच्या चुलत्यानं मनावर घेतलं. चुलता गवताचा धंदा करायचा, त्यासाठी मुंबईला जायचा, म्हणून गावात मुंबईचं जे काही असेल त्यावर शेवटचा शब्द त्याचा. माणूस वाईट नव्हता. फक्त "मला कळलं नाही" हे तीन शब्द त्याच्या तोंडून आयुष्यात कधी निघाले नाहीत. तो मुंबईच्या किल्ल्याकडच्या, कोटातल्या कचेऱ्या धुंडाळत कंपनीच्या दाराशी पोचला. तिथल्या मराठी कारकुनाशी त्याचं काय बोलणं झालं ते मला शब्दशः पाठ आहे, कारण पुढची कितीतरी वर्षं तो ते येईल त्याला सांगत असे.

यानं दादाचं नाव सांगितलं आणि कोणत्या साली कंपनीवर चढला ते सांगितलं. कारकून म्हणाला, "ती कंपनी? ती गेली की. आता ती नाही."

"गेली म्हंजे?"

"बुडवली तिला. तशा चारपाच होत्या लहान लहान. सगळ्या मोठीच्या पोटात गेल्या."

 चुलत्यानं विचारलं, "आन् तिच्यावरची मान्सं?"

कारकून आपल्या कामात होता. मान वर न करता म्हणाला, "माणसंही तिच्याबरोबर गेली."

एवढंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता. लहान कंपन्या मोडून त्यांची एक मोठी कंपनी केली होती, आणि लहानीची नोकरमाणसं होती तशी मोठीकडे वर्ग झाली होती. पण आमच्या चुलत्याच्या डोळ्यांसमोर माथेरानएवढी पांढरी आगबोट होती. ती बुडाली होती. तिच्यापेक्षा मोठं, पोट असलेलं, त्याला एकच ठाऊक होतं, तो समुद्र. त्यानं कारकुनाला रामराम केला आणि बाहेर येऊन तो पायरीवर बसून रडला. तिथं त्याला एकानं तरी विचारलं असतं, की बाबा कशाला रडतोस! मुंबईत कोण कुणाला विचारतो.

तो घरी आला तेव्हा आम्ही खळ्यावर होतो. त्याला बघूनच बा खाली बसला. चुलत्यानं सांगितलं, "कंपनी बुडाली. समदी मान्सं तिच्याबरूबर गेली."

बायकांनी हंबरडा फोडला. वहिनी रडली नाही. ती सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि चुलत्याला म्हणाली, "पर ते तर एडनला व्हते ना? जमिनीवर?"

"कंपनीवरच व्हता. त्यो मानूस काय सांगून गेला?"

"कोठीवर व्हते म्हनाला. कोठी कशी बुडंल?"

चुलत्यानं पागोटं सारखं केलं. मग म्हणाला, "अगं पोरी, तिकडची जमीन बी पान्यातच असती."

हे उत्तर आम्हा सगळ्यांना पुरलं. आज लिहितानासुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारकुनावर रागावलो तर त्यानं काय खोटं सांगितलं? चुलत्यावर रागावलो तर तो बिचारा भावाच्या मायेपोटी गेला होता. तिचा प्रश्न मात्र साधा होता आणि तो तिथंच खळ्यावर पडून राहिला.

मग सगळं रीतीनं झालं. देह नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला, नदीकाठी नेला. दादाला मूल नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला. पानं ओली होती, पेट घेईनात, नुसता धूर होत होता. वहिनीला दगडाजवळ बसवून दोन म्हाताऱ्यांनी तिच्या बांगड्या फोडल्या. तिनं हात आखडून घेतला नाही, पण पुढंही केला नाही. एका म्हातारीनं तिचं मनगट धरून दगडावर आपटलं, त्यात एक काच रुतली. कपाळ पुसलं. परत येताना ती माझ्या मागून चालत होती आणि रक्त नदीच्या वाळूत ठिबकत होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिचंही नाही.

पुढं वर्षा-दीड वर्षानं तिचा बाप आला. आमच्या लोकांत विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न, पण वाजंत्री नाही, मांडव नाही, चोरासारखं अंधारात उरकायचं. कशेळ्याला एक बिजवर होता, जमीनजुमला बरा, पदरात दोन पोरं. बा म्हणाला, "पोर जवान हाय, माज्या दारात सुकवून काय करू?" तो प्रेमानंच म्हणाला. तिला विचारलं का, ते मला ठाऊक नाही. निघताना ती बाच्या पाया पडली. मला म्हणाली, "भावजी, म्हशीच्या डाव्या अंगानं बसा, उजव्या अंगानं लाथ मारती." तिच्या हाताची सवय असलेली ती म्हैस पुढं आम्हाला विकावी लागली.

त्यानंतर मला मालधक्क्यावर नोकरी लागली.

एके दिवशी दुपारी मुंबईची गाडी आली. मी गासड्या बघत होतो. पलीकडच्या फलाटावर एक इसम उतरला. पायात बूट, हातात पत्र्याची पेटी, रंग काळाठिक्कर पडलेला. तो रूळ ओलांडून सरळ माझ्याकडे आला आणि हसला.

"वळखलं नाय व्हय रं?"

मी ओळखलं. आवाजावरून ओळखलं, खांबावरून ओरडायचा तोच आवाज.  मी त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. तो म्हणाला, "अरं, असा काय बघतो? घरी समदी बरी हाईत ना?"

"बा बरा हाय," मी म्हणालो. माझी अशी भाषा घरच्या माणसांपाशीच बाहेर येते.

तो पुढच्या नावाची वाट बघत थांबला.  मालाची गाडी निघून गेली तरी आम्ही तसेच उभे.

मग मी त्याला सांगितलं. मालधक्क्याच्या मागं चिंचेखाली बसवून, चुलत्याच्या मुंबईच्या फेरीपासून कशेळ्यापर्यंत सगळं.  शेवटी तो म्हणाला, "कंपनी बुडाली? कोन म्हनतं? अरं, रोज वाडतीय."

त्यानं जे सांगितलं ते असं. एडनच्या कोठीवर एक दिवस सकाळी उठून बघतात तर दारावरची पाटी बदललेली. साहेब तेच, तारा त्याच, काम तेच, नाव नवं. कुणी काही विचारलं नाही की सांगितलं नाही. मग नव्या नावाच्या कंपनीनं पूर्वेकडच्या तारांसाठी माणसं उचलली, त्यात याला सिंगापूरला नेलं. तिथं पुन्हा निराळं नाव. पण विलायतेत वर बसलेली माणसं म्हणे तीच. ती एका हातानं लहान कंपनी काढायची, तिनं तार टाकली की दुसऱ्या हातानं ती मोठीत ओतायची. घरी निरोप पाठवायला यानं खलाशांना सांगितलं होतं, पण ते रत्नागिरीकडचे, त्यांना कर्जत कुठं ठाऊक. लिहिता येत नव्हतं. आणि ज्या तारेवर तो रोज हात फिरवायचा तिच्यातून चार शब्द घरी धाडणं साहेबलोकांचं आणि शेठलोकांचं काम. त्याच्यासारख्याच्या ते मनातही आलं नाही.

"तुमी मला जाळला?" त्यानं विचारलं.

"मीच अग्नी दिला."

यावर तो हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि ते मला नकोसं वाटतं.

घरी बानं त्याला मिठी मारली, पण उंबऱ्याच्या आत घेईना. ज्याचं क्रियाकर्म झालं तो माणूस घरात कसा घ्यायचा? भटजींना बोलावलं. त्यांनी पोथी पाहून सांगितलं, उपाय आहे, याला नव्यानं जन्माला घालावं लागेल. म्हणून परसात मोठं घंगाळ आणलं, त्यात पाणी, तूप, आणि हा मिशा असलेला, परदेश पाहिलेला बाप्या गुडघे पोटाशी घेऊन त्यात बसवला. मंत्र झाले, मग त्याला पुसून काढलं. कानात बाळाच्या कानात सांगतात तसं नाव सांगितलं. तेही नवं, कारण जुनं नाव जळालं होतं. वाडीतली पोरं कुंपणावर बसून फिदीफिदी हसत होती. कोरड्या वस्त्रात बाहेर आल्यावर दादानं भटजींना एकच विचारलं, "आन् माजी बायको?"

भटजी म्हणाले, "तू आज जन्मलास. तुला बायको कुठली?"

पंचांनीही तेच धरलं. पाट रीतीनं लागलाय, कशेळेकराचा काय दोष? दोष नव्हताच त्याचा. या हकीकतीत दोष कुणाचाच सापडत नाही, आणि म्हणूनच मला ती सहन होत नाही. एखादा हरामखोर असता तर त्याला शिव्या देऊन मन मोकळं तरी केलं असतं.

दादा ऐकेना. कशेळ्याच्या बाजाराच्या दिवशी तो निघाला, आणि काही वेडंवाकडं होऊ नये म्हणून मी बरोबर गेलो. ती सुक्या मासळीच्या ढिगापाशी उभी होती, कडेवर पोर. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तिला बातमी कळली होती. तिनं पदर पुढं ओढला, पण ती पळाली नाही. बाजाराच्या कडेला झाडाखाली आली आणि दादाकडे बघून म्हणाली, "वाळलात."

दादा काहीतरी भराभर बोलायला लागला. कंपनी बुडाली नव्हती, नुसती एकीची दुसरी झाली होती, मला एडनहून सिंगापूरला नेलं, असं सगळं. जणू ती हिशेब मागत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. पोर रडायला लागलं, त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कंपनीत जातो का म्हनून तुमाला कुनी इचारलं व्हतं?"

"नाय."

"मला बी नाय इचारलं."

आवाजात राग नव्हता.  तिनं पोराचं नाक पदरानं पुसलं, "जाते, घरी वाट बघत्यात," म्हणाली आणि मासळीवाल्याकडे परत गेली. मी दादाचा हात धरला होता. तो मला झिडकारून पुढं चालायला लागला.

पावसाच्या आधी तो परत गेला. बा म्हणाला, दुसरी बघू. दादा म्हणाला, "मी अजून तान्हा हाय, बा." कंपनीला माणसं हवीच होती. तिनं त्याला काही न विचारता परत घेतलं. तेवढं एक घर होतं जिथं तो मेलेला नव्हता.

कंपनी वाढत गेली ते मला मालधक्क्यावर कळत राहिलं. आमच्याकडे एक गोरा तपासनीस येत असे. त्याची आई विलायतेत होती, नवरा वारलेली. तो एकदा सहज म्हणाला, की त्या तारेच्या कंपनीचे वाटे तिच्याकडे आहेत, त्यावर तिचं छान चालतं. विधवांना अशा कंपनीसारखा भरवशाचा आधार नाही, असं तो म्हणाला. चांगला माणूस होता, मला मोडक्या मराठीत मुलाबाळांचं विचारायचा. मी "येस सर" म्हणालो आणि गोदामात जाऊन एका गासडीवर बसून राहिलो. विलायतेतल्या म्हाताऱ्या बाईबद्दल माझ्या मनात वाईट काही आलं नाही. फक्त वाटलं, तिला कुणीतरी सांगावं. काय सांगावं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.

पुढं बा गेला, चुलता गेला. आणि बऱ्याच वर्षांनी एक दिवस स्टेशनातला त्या वेळचा तारमास्तर गोदामात माझ्याकडे चालत आला. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून तार होती. दादा सिंगापूरला तापानं गेला. दोन ओळी होत्या, त्यात त्याचं जुनं नाव होतं. इतक्या वेळा नाव बदललेल्या कंपनीनं त्याचं नाव मात्र बदललं नव्हतं.

घरी मी सुतक धरलं. नवीन भटजी म्हणाला, क्रिया एकदा झालेली आहे, आता पुन्हा काय करायची ते बघावं लागेल. मी म्हणालो, तुम्ही बघत बसा. दुसऱ्या दिवशी मी कशेळ्याला चालत गेलो. तिला सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

तिचा नवरा ओटीवर दोर वळत बसला होता. त्यानं मला या, बसा म्हटलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. केस पिकले होते. मी दोघांकडेही न बघता सांगितलं, "माझा भाऊ गेला. सिंगापूरला. तार आली."

नवऱ्यानं हातातला दोर खाली ठेवला. "अरेरे," तो म्हणाला. तीही म्हणाली, "अरेरे." परक्या माणसाच्या मरणाला म्हणतात तसं, तेवढंच आणि तेवढ्याच आवाजात. मग ती आत गेली.  नंतर न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि कपाळावर कुंकू नव्यानं लावलेलं होतं.

मी निघालो. ती मला पोचवायला कुडाच्या फाटकापर्यंत आली. मला वाटलं, आता रडेल. मी थांबलो. नवरा ऐकणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "भावजी, या खेपेला खरं हाय ना?"

"खरं हाय," मी म्हणालो.

"परत येनार नायत ना?"

"नाय, वयनी. आता नाय येनार."

तिनं मान हलवली, आणि मोठं ओझं खाली ठेवावं तसा श्वास सोडला.